खड्ड्यांच्या साम्राज्यात मोकासा कोणाचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात ‘साम्राज्य’ हा शब्द मी चार वेळा वाचला. तीनदा बातम्यांत : स्थानकात दुर्गंधीचे साम्राज्य, ओढ्याकाठी डासांचे साम्राज्य, नाक्यावर खड्ड्यांचे साम्राज्य. चौथ्यांदा वाचकांच्या पत्रांत. मराठ्यांचे साम्राज्य तलवारीवर उभे राहिले आणि इंग्रजांचे कपटावर, असे त्या पत्रलेखकाचे म्हणणे. मला वाटते, शब्दाचा अर्थ त्यांच्यापेक्षा आपल्या बातमीदाराला जास्त कळलेला आहे. खड्डे चढाई करून येत नाहीत. ते पडतात, मग माणसे त्यांना वळसा घालायला शिकतात, आणि काही दिवसांनी त्या खड्ड्यांवर कोणाचे तरी पोट चालू लागते.

मी मोडी वाचते. घरोघरची वाटणीपत्रे, इनामाच्या सनदा, जुनी खरेदीखते असले कागद लोक पिशवीत घालून घेऊन येतात. कागद वाचून वाचून एक सवय लागली आहे. लढाई कोणी जिंकली यापेक्षा पुढच्या वर्षीचा वसूल कोणाच्या नावाने जमा झाला, हे आधी बघते.

तलवारीने किल्ला मिळतो, हे खरेच. पण शाहू महाराजांचे बघा. १६८९ ते १७०७ अशी अठरा वर्षे ते मोगलांच्या छावणीत कैदेत होते. लहानाचे मोठे तिथेच झाले. एवढी अवाढव्य सत्ता कशी हाकतात, ती कुठे कुरकुरते, हे त्यांनी आतून पाहिले. १७०८ मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून स्वराज्याच्या, दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्यांच्या बदल्यात कबूल काय केले होते? बादशहाच्या चाकरीला पंधरा हजार स्वार आणि दरसाल दहा लाख पेशकश, म्हणजे नजराणा. म्हणजे मराठ्यांच्या विस्ताराचा पाया ज्या कागदावर आहे त्यावर शिक्का मोगलांचा, आणि भाषा चाकरीची. शिवजयंतीच्या भाषणांत हा तपशील कोणी सांगत नाही. यात कमीपणा काही नाही. मोडकळीस आलेल्या वाड्याची किल्ली वाड्याच्या मालकाकडूनच लिहून घेतली, यात हुशारीच होती.

त्याहून मोठी हुशारी वाटणीत होती. सरदेशमुखी, म्हणजे वसुलाच्या शेकडा दहा, छत्रपतींचे वतन. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा. चौथाईतला चौथा हिस्सा ‘बाबती’ म्हणून राजाचा. चौथाईच्याच शेकडा सहा ‘सहोत्रा’, तो पंत सचिवांकडे. शेकडा तीन ‘नाडगौडा’, तो महाराजांच्या मर्जीने कोणालाही. उरलेले सहासष्ट ते ‘मोकासा’, आणि त्यातून सरदारांनी फौज बाळगायची. हे हक्क एकाच प्रांतात इतके एकमेकांत गुंतवलेले की एका गावाच्या वसुलात तिघाचौघांचे हात. कोणी एकटा सगळा मुलूख गिळू नये आणि सगळ्यांनाच वसूल चालू राहण्यात गोडी वाटावी, असा तो बेत. साम्राज्याची माझ्यापुरती व्याख्या हीच. ज्याच्या चालण्यात परक्या मुलखातल्या पुरेशा माणसांचा हिस्सा आहे, ते साम्राज्य. बाकी सगळी मुलूखगिरी.

मुलूखगिरीही आपण केलीच. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा वर्षामागून वर्षे बंगालवर गेल्या. त्या भीतीने कलकत्त्यात १७४२ मध्ये खंदक खणायला घेतला, त्याला तिकडे मराठा खंदकच म्हणत. सरकारी घोड्यावर बसणारा स्वार तो आपला ‘बारगीर’. तिकडे त्याचा ‘बर्गी’ झाला आणि बाळाला झोपवायच्या गाण्यात जाऊन बसला, बागुलबुवासारखा. आपले ते साम्राज्य आणि दुसऱ्याचे ते कपट, असे लिहिण्यापूर्वी पत्रलेखकाने एकदा त्या पाळण्याजवळ उभे राहून बघावे.

मोकासा जसा जोडतो तसा तोडतोही. ज्याच्या हातात वसूल, त्याच्या हातात फौज. १७४९ मध्ये शाहू महाराज गेले आणि कारभार पुण्याला गेला. पेशव्यांची वस्त्रे मात्र साताऱ्याहूनच येत राहिली. नाव इथले, हुकूम तिथला. गायकवाड, शिंदे, होळकर, भोसले आपापल्या ठिकाणी राजे होऊन बसले. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने यातले काहीही नवीन शोधून काढले नाही. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी घेतली तीसुद्धा बादशहा शाह आलमच्या फर्मानाने. म्हणजे पुन्हा दुसऱ्याचाच शिक्का. मग तिने एकेकाला वेगळे गाठले : १८०२ अखेरीस वसईला दुसरा बाजीराव पेशवा, १८०३ मध्ये भोसले आणि शिंदे. आपल्या सांगलीच्या पटवर्धनांचा पेशव्यांशी बेबनाव झाला तेव्हा १८१२ मध्ये पंढरपुरात तडजोड घडवायला कंपनीचा पुण्यातला रेसिडेंट एल्फिन्स्टन हजर. जो भांडण मिटवतो तो घरात येतो. तैनाती फौज हा तर अजब प्रकार. राजाने पगार द्यायचा आणि फौजेने राजावरच नजर ठेवायची. सातारकरांच्या भाषेत सांगायचे तर आपल्याच खर्चाने आपल्याच दारात दुसऱ्याचा कुत्रा बांधायचा.

१८१८ च्या फेब्रुवारीत अजिंक्यतारा पडला तेव्हा गडावर आधी इंग्रजांचे निशाण चढले आणि लगेच उतरवून छत्रपतींचे चढवले. मला त्या सबंध युद्धातली सगळ्यात महत्त्वाची घटना हीच वाटते, कोणत्याही लढाईपेक्षा. पाठोपाठ एल्फिन्स्टनचा जाहीरनामा निघाला. त्यात काय होते? वतने, इनामे, वर्षासने, देवस्थानांचे उत्पन्न आहे तसे चालेल. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांना आणि देवळातल्या पुजाऱ्याला एवढेच ऐकायचे होते. बाजीराव तेव्हा अजून पळत होता, पण ज्यांनी त्याला भाकर-वैरण द्यायची त्यांचा त्याच्यातला हिस्सा त्या कागदाने संपवला.

१८१९ च्या तहाने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांना नीरा-भीमेपासून वारणा-कृष्णेपर्यंतचे राज्य मिळाले. अट अशी की इंग्रजांना विचारल्याशिवाय बाहेर कोणाशी पत्रव्यवहार करायचा नाही. महाराज कर्तबगार. रस्ते केले, शाळा काढली, छापखाना घातला. मांडलिकाने कर्तबगार असणे हाच कदाचित गुन्हा. १८३९ मध्ये त्यांच्यावर ठपका आला तो गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा. कबुलीच्या कागदावर सही करा, गादी राहील, असे सांगण्यात आले. त्यांनी सही केली नाही. त्यांची रवानगी काशीला झाली आणि १८४७ मध्ये ते तिथेच वारले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले, ते १८५३ पर्यंत तिथे अर्ज, निवेदने, सभा करत राहिले. साम्राज्याला त्याच्याच कागदाने हरवता येईल, असे त्या माणसाला तेराचौदा वर्षे वाटत होते. हे वाचताना माझा दर वेळी घसा दाटतो. १८५७ च्या सप्टेंबरात गेंडामाळावर सतरा जणांना ठार मारले, त्यांत त्यांचा मुलगा होता. ते स्वतः कुठे गेले ते कोणालाच कळले नाही.

त्याआधीच, १८४८ मध्ये, प्रतापसिंहांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ शहाजी महाराज वारले. मरताना घेतलेले दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने नामंजूर केले आणि राज्य खालसा झाले. मुंबईचा गव्हर्नर क्लार्क याचाही त्याला विरोध होता. एक गोळी झाडावी लागली नाही. तीस वर्षांपूर्वी चढवलेले निशाण फक्त उतरवले.

ही सत्ता कागदातून अजून पुरती गेलेली नाही. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायचे काम २०२३ पासून वाढले तसे माझ्याकडे येणाऱ्यांची रांग वाढली. मग सातारा गॅझेटियरचे नाव निघाले. मला त्या मागणीच्या बाजूने किंवा विरोधात इथे काही लिहायचे नाही. पण १८८५ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने आपल्या सोयीसाठी कोण कोणत्या जातीचा हे लिहून ठेवले, आणि आज पणतू त्याच पानावर बोट ठेवून आपण कोण ते सांगतो, याचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

साम्राज्य तुटते कसे, तेही याच मातीत दिसले. सांगली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून निघाला. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने पोलीस ठाण्यांशी झुंज दिली, शेणोलीला पगाराची गाडी लुटली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वाळवा-कुंडलकडची जुनी माणसे सांगत ते वेगळे. बांधाचा तंटा, सावकाराचे व्याज, सोडून दिलेली बायको, असे खटले गावातच निकाली निघू लागले आणि कोर्टाची पायरी ओस पडली. नाना पाटील १९४६ पर्यंत सापडले नाहीत, कारण त्यांचा ठावठिकाणा सांगून मिळणाऱ्या बक्षिसात गावाला गोडी उरली नव्हती.

तेव्हा एक विनंती. ‘खड्ड्यांचे साम्राज्य’ हा मथळा आपण खुशाल वापरा, माझी हरकत नाही. फक्त त्या रस्त्याचे काम कोणाला मिळाले, दुरुस्तीचे पुन्हा कोणाला, बिल कोणी मंजूर केले, म्हणजे बाबती कोणाची, सहोत्रा कोणाचा आणि मोकासा कोणाचा, तेवढे खाली दोन ओळींत छापत जा.

आपली,
एक मोडी वाचक, सातारा