कोलंबसच्या महापौरांना खुले पत्र : 2030 साली आम्हाला कुठे मोजाल?

मा. मेरी फर्डन,
महापौर, कोलंबस, इंडियाना

महोदया, स. न. वि. वि.

हे पत्र मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयात आणून देणार आहेच. पण ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांतले पुष्कळजण मराठी वाचतात. काही इथे कोलंबसमध्ये राहतात, काही पुण्यात आणि फलटणला, आणि त्यांचे आईवडील कोथरूड-कर्वेनगरात. त्यांच्या नावाने मी काय मागते आहे हे त्यांनाही कळावे, माझे काही चुकत असेल तर त्यांनी मला टोकावे, म्हणून मराठी.

मध्यंतरी मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आम्ही दोघे शहराची आकडेवारी घेऊन बसलो होतो. जनगणनेचे आकडे त्याने एकाखाली एक लिहिले. 2000 साली 39,059. 2010 साली 44,061. 2020 साली 50,474. पेन्सिल तशीच धरून तो म्हणाला, "आई, म्हणजे आपण आल्यावर पन्नास हजार पूर्ण झाले!" आम्ही 2011 साली आलो, तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. त्याचा हिशेब बरोबर होता आणि त्याचा आनंदही खरा होता. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. का, ते पुढे सांगते.

2010 ते 2020 या दहा वर्षांत इंडियाना राज्याच्या 92 कौंट्यांपैकी (कौंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) निम्म्याहून अधिक कौंट्यांची लोकसंख्या घटली. आपली बार्थोलोम्यू कौंटी 76,794 वरून 82,208 वर गेली, आणि ती वाढ प्रामुख्याने आपल्या शहरात झाली. आज शहरात दहा माणसांमागे एकाहून जास्त आशियाई वंशाचा आहे. त्यांत भारतीय सर्वांत जास्त, काही जपानी. मका-सोयाबीनच्या शेतांनी वेढलेल्या दक्षिण इंडियानातल्या गावात हे कसे घडले, असे बाहेरचे लोक विचारतात. आम्हा पुण्याच्या लोकांना त्याचे उत्तर घरातच सापडते.

1919 साली क्लेसी कमिन्स या यांत्रिकाने इथल्या बँकर विल्यम आयर्विन यांच्या पैशावर 'कमिन्स' ही डिझेल इंजिनांची कंपनी काढली. 1962 साली त्याच कंपनीने किर्लोस्करांबरोबर भागीदारीत पुण्यात कारखाना उभारला. माझ्या वडिलांनी कोथरूडच्या त्या कारखान्यात एकतीस वर्षे नोकरी केली. आमच्या घरी 'कोलंबस' हा शब्द अमेरिकेचा शोध लावणाऱ्या माणसाच्या आधी आला, कारण ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तो छापलेला असे. पुढे पुण्यात कंपनीच्या नावाचे मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1991 साली सुरू झाले, तिथे मी शिकले. तेव्हा मी इथे आले ते अनोळखी गावात आले असे मला कधी वाटले नाही. दोन पिढ्यांची ओळख होती.

आणि या गावाने बाहेरच्या माणसासाठी जी तयारी करून ठेवली होती ती बघून मी थक्क झाले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे मुलांची संख्या वाढली, घाईघाईने शाळा बांधाव्या लागल्या. त्या वेळी कंपनीचे प्रमुख जे. आयर्विन मिलर यांनी पुढे होऊन सांगितले की सार्वजनिक इमारतीसाठी आमच्या यादीतला चांगला वास्तुरचनाकार निवडा, त्याची फी कंपनीची संस्था देईल. हॅरी वीज यांनी बांधलेली श्मिट शाळा 1957 ची. पेई यांचे ग्रंथालय 1969 चे, त्याच्या अंगणात शिल्पकार हेन्री मूर यांची भली मोठी ब्राँझची कमान. अग्निशमन केंद्रसुद्धा रॉबर्ट व्हेंचुरी यांनी काढलेले. मिलर यांचा व्यवहार सरळ होता : चांगले इंजिनिअर इथे यावेत आणि टिकावेत असे वाटत असेल तर त्यांच्या मुलांना चांगली शाळा हवी. माझा मुलगा त्याच श्मिट शाळेत अक्षरे गिरवायला शिकला. सत्तर वर्षांपूर्वी एका माणसाने केलेल्या विचाराचा फायदा माझ्या घराला मिळाला आहे, हे मी कृतज्ञतेने लिहिते.

आता त्या आकड्यांच्या आत काय आहे, ते.

अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या जनगणना खात्याच्या पाहणीत घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेचा तक्ता असतो. हिंदीला स्वतःचा रकाना आहे, गुजरातीला आहे, तेलुगू-तमिळला आहे. आमचा रकाना 'नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा' असा एकत्र आहे. म्हणजे आपल्या शहरात मराठी घरे किती, हे आपल्याला त्या तक्त्यावरून कधीच कळणार नाही. शिवाय तो सर्व्हे नमुन्यावर चालतो. पन्नास हजारांच्या गावात एवढ्या लहान गटाचा अंदाज पाच वर्षांची उत्तरे एकत्र करून काढावा लागतो, तरी तो बराच मागेपुढे होतो. यात कोणाचा दोष नाही. पण नगरपालिकेची योजना याच तक्त्यांवर उभी राहते, म्हणून सांगते.

दुसरी गोष्ट. माझे वडील दर वर्षी जूनमध्ये येतात आणि थंडी पडायच्या आत परत जातात. जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या राहत्या ठिकाणी मोजते, पाहुण्याला मोजत नाही. ते योग्यच आहे. मात्र वर्षातले पाच-सहा महिने या गावात असे शेकडो आजी-आजोबा असतात असा माझा अंदाज आहे. सकाळी पीपल ट्रेलवर स्वेटर घालून, पायांत पांढरे बूट आणि हातात नातवंडाची गाडी घेऊन चालणारी ही माणसे आपणही पाहिली असतील. पहिल्या वर्षी बाबांनी मला विचारले, "इथली म्हातारी माणसं बसतात कुठं गं?" कोथरूडला त्यांचा कट्टा आहे. संध्याकाळी सहा वाजता आठ-दहा जण जमतात, कोणी आले नाही तर घरी जाऊन बघतात. इथे त्यांनी स्वतःच जागा शोधली : ग्रंथालयासमोर, मूरच्या कमानीच्या सावलीत. आता तिथे दोन तमिळ आजोबा असतात, एक जपानी आजी येतात, आणि आयुष्यभर फाउंड्रीत काम केलेले इथले एक गृहस्थ येतात. त्यांना बाबांशी इंजिन ब्लॉकच्या ओतकामावर बोलायचे असते. बाबांचे इंग्रजी तुटके आहे, पण 'कोअर', 'रायझर', 'ब्लो-होल' हे शब्द दोघांचे एकच. हा कट्टा आपल्या कुठल्याच तक्त्यात येणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवला.

तिसरी गोष्ट उत्पन्नाची, आणि ती मला जास्त बोचते. इंजिनिअरांच्या पगारामुळे शहराचे मध्यम उत्पन्न (म्हणजे निम्मी घरे ज्याच्या वर आणि निम्मी ज्याच्या खाली असतात तो आकडा) वर जाते. कोलंबसचे महानगर क्षेत्र म्हणजे एकटी बार्थोलोम्यू कौंटी. परवडणाऱ्या घरांची पात्रता आणि करसवलतीतून बांधलेल्या घरांची भाडेमर्यादा याच क्षेत्राच्या मध्यम उत्पन्नाला बांधलेली असते. आमचा पगार वाढला की तो आकडा सरकतो, आणि त्याच्याबरोबर भाड्याची मर्यादाही. आमच्या संकुलाच्या लॉन्ड्रीत रात्री उशिरा एक ग्वाटेमालन बाई भेटते. सुट्या भागांच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असते. ड्रायरमधून मुलांचे कपडे काढता काढता तिने मला एकदा सांगितले की भाडेकराराच्या दर नूतनीकरणाला ती आधी शेजारच्या कौंटीतल्या घरांची भाडी बघते. जेनिंग्ज आणि जॅक्सन कौंट्यांतून रोज गाडी चालवत येणारी माणसे हौसेने तेवढा प्रवास करत नाहीत. तेव्हा 'वाढते, वैविध्यपूर्ण, चांगल्या उत्पन्नाचे शहर' असे आपल्या शहराचे वर्णन कुठे केले जाते तेव्हा त्यात माझ्या पगाराने तिचे भाडे झाकले जाते, हे आपण लक्षात ठेवावे अशी विनंती आहे.

आणि आता माझ्या झोपेचे.

अमेरिकेत दर बारा नोकऱ्यांमागे साधारण एक नोकरी कारखानदारीतली असते. आपल्या कौंटीत दर तीन-चार नोकऱ्यांमागे एक. एवढी मोठी मदार एका उद्योगावर, त्यातही एका नावावर. आर्विन ही इथली जुनी कंपनी 2000 साली मेरिटरमध्ये विलीन झाली आणि मुख्यालय मिशिगनमधल्या ट्रॉयला गेले, ते दिवस जुन्या लोकांना आठवतात. डिझेलचे पुढे काय होणार, हा प्रश्न प्रत्येक इंजिनिअरच्या जेवणाच्या टेबलावर असतो. इथे जन्मलेल्या माझ्या सहकाऱ्याची नोकरी गेली तर त्याला अवघड दिवस येतील. आमच्यासारख्या एच-1बी या नोकरीला बांधलेल्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर साठ दिवस मिळतात. त्यांत दुसरी कंपनी मिळाली नाही तर घर, गाडी, मुलांची शाळा, सगळे आवरून देश सोडायचा. कोलंबसमध्ये दुसरी कंपनी साठ दिवसांत कुठून मिळणार? म्हणजे गावाच्या अर्थकारणाला एक धक्का बसला की लोकसंख्येलाही लगेच बसेल, तोही दोन महिन्यांत. पुण्यात एवढ्या कारखान्यांत एकाला सर्दी झाली तर दुसरा सांभाळून घेतो. इथे तशी सोय नाही.

ग्रीनकार्डच्या (कायम वास्तव्याच्या परवान्याच्या) रांगेत माझी तारीख 2015 सालची आहे. नोकरीच्या वाटेने दर वर्षी मिळणारी ग्रीनकार्डे एक लाख चाळीस हजारांच्या आसपास, आणि कुठल्याही एका देशाला त्यांतली साधारण सात टक्के. भारताची रांग म्हणून हलत नाही. माझा मुलगा पुण्यात जन्मला. एकवीस पूर्ण झाले की तो माझ्या अर्जावर अवलंबून राहू शकत नाही. तोपर्यंत रांग सरकली नाही तर त्याला विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल किंवा जावे लागेल. पुढच्या जनगणनेचा दिवस 1 एप्रिल 2030. त्याची एकविशी त्याच्या काही महिने आधी येते. ज्या मुलाने पेन्सिलने लिहिले की आपण आल्यावर पन्नास हजार झाले, तो त्या पुढच्या आकड्यात असेल की नाही, हे मला सांगता येत नाही. त्याला मी हे अजून बोलले नाही. बहुतेक त्याला माहीत आहे.

व्हिसाचा कायदा आपल्या हातात नाही, हे मी जाणते. जे आपल्या हातात आहे तेवढेच मागते.

शहराची घरांची योजना करताना आम्हाला 'येणारे-जाणारे कर्मचारी' या खात्यात घालू नये. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे भाड्याच्या घरात राहणारी कुटुंबे इथे आहेत. घर घ्यायला पैसे आहेत, पण पुढच्या वर्षी देशात असू की नाही याची खात्री नाही म्हणून ती घेत नाहीत. त्यांना आणि लॉन्ड्रीतल्या त्या बाईला लागणारी भाड्याची घरे वेगवेगळी आहेत. दोन्हींचा वेगळा हिशेब मांडावा. नाहीतर आम्ही तिच्या डोक्यावर चढून बसतो आणि दोघीही एकाच आकड्यात सुखी दिसतो.

जिथे कायदा आड येत नाही तिथे शहराच्या सल्लागार समित्यांवर नागरिकत्व नसलेल्या रहिवाशांनाही घ्यावे. आम्ही मत देऊ शकत नाही, पण भाड्यातून मालमत्ता कर भरतो, शाळांच्या कार्यक्रमांत खुर्च्या मांडतो आणि बागांत क्रिकेट खेळतो.

कामाचा परवाना नसलेल्या पती-पत्नींची एक यादी करावी. एच-4 या, एच-1बीवाल्यांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या व्हिसावरच्या काहींना 2015 पासून काम करता येते, तेही जोडीदाराचा ग्रीनकार्डचा अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर झाल्यावर. बाकीच्यांना तोपर्यंत पगारी काम नाही. माझ्या ओळखीत दोन डॉक्टर आहेत, एक सनदी लेखापाल आहे, एक वास्तुरचनाकारही आहे, या वास्तुरचनेच्या गावात घरी बसलेली. ग्रंथालयात आणि शाळांत त्या स्वयंसेवक म्हणून यायला तयार आहेत. त्यांना कोणी विचारलेले नाही, आणि त्यांनी आपणहून विचारायचे धाडस केलेले नाही. दोन्हीकडचा संकोच आहे. एक पाऊल आपण टाकलेत तर पुरे.

आणि 2030 च्या मोजणीची तयारी आत्तापासून सुरू करावी. अनेक घरांत अशी भीती आहे की व्हिसावरच्या माणसाने जनगणनेचा फॉर्म भरू नये. व्हिसा कुठलाही असो, जो इथे राहतो त्याला मोजायचे असते, हे मराठी, तेलुगू, तमिळ, जपानी आणि स्पॅनिशमध्ये सांगावे लागेल. मराठी मजकूर मी लिहून देईन. घरोघर जाऊन समजावूनही सांगेन, माझा तेव्हाचा कागद काहीही असला तरी.

बाबा या वर्षीही जूनमध्ये येत आहेत. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास ते आणि त्यांची मंडळी कमानीपाशी असतात. आपल्याला वेळ झाला तर यावे. थर्मासमध्ये चहा असतो, आलं घातलेला. बाबांना महापौरांना एक विचारायचे आहे, त्यांनी ते मला सांगितलेले नाही.

आपली,
आधी कोथरूडची आणि आता कोलंबसची एक रहिवासी