वाचन प्रेरणा दिनाला खेळाडूंना बोलवा

महोदय,

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा १५ ऑक्टोबर हा जन्मदिवस २०१५ पासून राज्यातील शाळांमध्ये ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो, तर मेजर ध्यानचंद यांचा २९ ऑगस्ट हा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून. पहिल्या दिवशी लेखक-कवींना आणि दुसऱ्या दिवशी खेळाडूंना बोलवायचे, हा शिरस्ता इतका पक्का झाला आहे की त्यात काही बिघडते आहे, असे कुणाला वाटत नाही. क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली तेवढी वर्षे मलाही ते वाटले नव्हते.

गेल्या वर्षी नाशिक तालुक्यातील एका शाळेत ठरलेले कवी ऐन वेळी येऊ शकले नाहीत, म्हणून मुख्याध्यापकांनी माझ्या ओळखीच्या एका धावपटू तरुणीला बोलावले. ती लांब पल्ल्याच्या शर्यती धावते. तिचे बालपण पेठ तालुक्यातील एका पाड्यावर गेले. घरात कोकणा बोली, त्यामुळे पुस्तकातली मराठी तिला पाचवीपर्यंत परकीच होती. तिने भाषण केले नाही. पिशवीतून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली काढली आणि तिच्यावरची बारीक अक्षरे कोण वाचून दाखवतो, असे विचारले. खेळाडूला बंदी असलेल्या द्रव्यांची यादी दरवर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते आणि शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. औषध दुसऱ्याने दिले होते, मला ठाऊक नव्हते, असे सांगून शिक्षा फार तर कमी होते, ठपका पुसला जात नाही, हे तिने साध्या शब्दांत समजावले. वाचनाचे इतके रोखठोक कारण त्या मुलांनी आजवर ऐकले नसावे. एरवी खिडकीबाहेर बघत बसणारी मागच्या बाकांवरची मुले पुढे सरकून बसली.

दुसरी वस्तू होती तिची सरावाची वही. लहानपणी ती ओळीखाली बोट ठेवून वाचायची आणि वर्ग हसायचा. पुढे प्रशिक्षकांनी रोजच्या धावण्याची नोंद लिहायला लावली आणि आठवड्याच्या शेवटी ती मोठ्याने वाचायला लावली. आपलेच लिहिलेले वाचता वाचता वाचनाची भीती गेली. पहिल्या दिवशी कुणी दहा किलोमीटर धावत नाही, तसे पहिल्या दिवशी अख्खे पुस्तक वाचायचे नसते, दोन पाने वाचावीत, दम लागला की थांबावे आणि उद्या पुन्हा यावे, एवढाच तिचा उपदेश. आपण फारशा कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत, हेही तिने सांगून टाकले. मला ते विशेष आवडले, कारण पाहुणा खोटे बोलतो आहे हे मुलांना शिक्षकांच्या आधी कळते.

कार्यक्रम संपल्यावर सातवीतल्या एका मुलाने पुस्तक मागितले आणि कपाट उघडावे लागले. वरच्या कप्प्यांत हवा गेलेले व्हॉलीबॉल, थाळ्या आणि दोरीउड्यांच्या दोऱ्या. खालच्या कप्प्यात शिक्के मारलेली गोष्टींची पुस्तके आणि देवघेवीची कोरी नोंदवही. मी ओशाळलो, कारण माझ्या शाळेतही असेच कपाट होते आणि त्याची किल्ली माझ्याकडे असे. यात शिक्षकांचा आळस कमी आणि डेडस्टॉक रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीचा, धाक जास्त असतो. एक चेंडू किंवा एक पुस्तक हरवले तर तपासणीत खुलासा कोण देणार? त्यापेक्षा कुलूप बरे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तकेही, तसेच प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य सांगितले आहे. कायद्याने शेजारी ठेवलेल्या या दोन गोष्टी आपण एकाच कुलपात ठेवल्या. त्यात माझी स्वतःची भर अशी की, पुस्तक हातात घेऊन मैदानावर उशिरा येणाऱ्या मुलाला मी सर्वांदेखत ‘पुस्तकी किडा’ म्हणत असे.

नाशिकला या बाबतीत काही उसने आणावे लागणार नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाच्या ग्रंथपेट्या तर नाशिकहून परदेशापर्यंत गेल्या. दुसरीकडे, सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ नौकानयनात २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत पोहोचले. ही नावे जिल्ह्यातल्या पोराटोरांना पाठ आहेत. मोठे खेळाडू दरवेळी मिळणार नाहीत, पण जिल्हा पातळीवर खेळलेला एखादा माजी विद्यार्थी कोणत्याही शाळेला सहज मिळेल. येत्या १५ ऑक्टोबरला त्याला बोलवावे आणि २९ ऑगस्टला हवे तर कवींना मैदानावर आणावे. शाल-श्रीफळ नको, तेवढे पैसे वाचतील, तेही वाचनाच्याच दिवशी. शिवाय सरावानंतर घरी जाण्यासाठी मुले मैदानांवर ताटकळत असतात. एखादी ग्रंथपेटी तिथल्या साहित्याच्या खोलीत ठेवता आली तर संबंधित संस्थांनी अवश्य विचार करावा.

त्या शाळेत कपाटाची किल्ली आता सातवीतल्या दोन मुलींकडे असते. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा दोन पुस्तके हरवलेली होती, नोंदवहीचे तिसरे पान भरत आले होते आणि व्हॉलीबॉलमध्ये हवा भरलेली होती.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, नाशिक