‘कुठल्या राज्यात काम करणार?’ असं आधी विचारणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कची मास्टर्स पदवी, करायला येणाऱ्या मराठी मुलामुलींना तुम्ही अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायझर म्हणून जे सांगता, त्यासाठी हे जाहीर आभारपत्र. नुसतं ‘खूप मदत झाली’ असं लिहिलं तर ‘अरे, ते माझं कामच आहे’ म्हणून तुम्ही विषय मिटवाल. म्हणून कशाबद्दल आभार, ते तपशिलात लिहितो आहोत. पुढच्या वर्षी अर्ज भरणाऱ्यांच्याही ते वाचनात येईल.

सगळ्यात मोठं काम तुमच्या पहिल्या प्रश्नानं होतं. विद्यार्थी विचारतो, ‘या सेमिस्टरला कुठले विषय घेऊ?’ तुम्ही उलट विचारता, ‘पदवीनंतर कुठल्या राज्यात काम करणार?’ नवख्याला वाटतं, याचा विषयनिवडीशी काय संबंध? पण इथे सोशल वर्करचं लायसन्स देश देत नाही, प्रत्येक राज्य आपापलं देतं आणि अटीही आपापल्या ठेवतं. न्यूयॉर्कमध्ये पुढे एलसीएसडब्ल्यू, म्हणजे स्वतंत्रपणे थेरपी करता येईल असं लायसन्स हवं असेल, तर शिक्षणातच किमान १२ क्रेडिटचे क्लिनिकल, म्हणजे निदान-उपचाराचे, विषय असावे लागतात. त्यानंतर किमान ३ वर्षांच्या काळात, सुपरव्हिजनखाली, क्लायंटसोबतचे २,००० तास. कॅलिफोर्नियात ३,००० तास आणि किमान १०४ आठवडे. आता एखादीनं कम्युनिटी ऑर्गनायझिंग किंवा पॉलिसी असं स्पेशलायझेशन घेतलं, सगळे इलेक्टिव्ह त्याच बाजूचे भरले आणि दोन वर्षांनी तिला न्यूयॉर्कमधल्या क्लिनिकमध्ये काम करावंसं वाटलं, तर ते १२ क्रेडिट पदवीनंतर, पुन्हा फी भरून घ्यावे लागतात. पॉलिसी सोडून दे, असं तुम्ही कुणालाही सांगत नाही. इलेक्टिव्हच्या जागांमध्ये डायग्नोसिस आणि क्लिनिकल प्रॅक्टिसचे विषय बसतात का, एवढं आधी पाहायला लावता. बहुतेकदा ते बसतात.

तुमच्या तक्त्याचंही इथे सांगायला हवं. विषय, क्रेडिट, आधी कुठला विषय पूर्ण हवा, कुठल्या सेमिस्टरला शिकवला जातो, आणि शेवटचा रकाना: कुठल्या राज्याच्या कुठल्या अटीसाठी उपयोगी. विद्यापीठाच्या संगणकावरचा डिग्री ऑडिट पहिले चार रकाने दाखवतो. पाचवा तो कधीच दाखवत नाही, कारण विद्यापीठाचा हिशोब पदवीपाशी संपतो. तक्ता शेवटच्या सेमिस्टरपासून मागे भरत यायची तुमची पद्धतही अनेकांना सुरुवातीला उलटी वाटते. पण काही विषय वर्षातून एकदाच, फक्त फॉलमध्ये, म्हणजे वर्षाच्या उत्तरार्धातल्या सेमिस्टरला, शिकवले जातात आणि प्रॅक्टिकम (एखाद्या संस्थेत, म्हणजे एजन्सीत, करायचं प्रत्यक्ष काम), त्याचं सेमिनार आणि प्रॅक्टिसचा विषय एकत्रच घ्यावे लागतात. त्यातला एक निसटला की उरलेलेही अडतात आणि सरळ वर्ष पुढे जातं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर तर त्यापाठोपाठ आय-२० या विद्यापीठाच्या पत्राची मुदत वाढवून घ्यायची वेळ येते, तीही जुनी मुदत संपण्याआधी.

दुसरे आभार ‘नको’ म्हणण्याबद्दल. भारतातून एमएसडब्ल्यू करून आलेल्यांना तुम्ही पुन्हा त्याच पदवीचा अर्ज भरू देत नाही, निदान लगेच तरी नाही. इथल्या सोशल वर्क शिक्षणाला मान्यता देणारी संस्था सीएसडब्ल्यूई. परदेशातली पदवी इथल्या मान्यताप्राप्त पदवीच्या तोडीची आहे का, हे तपासण्याची तिची स्वतंत्र सेवा आहे. तिथून होकार आला तर बऱ्याच राज्यांत लायसन्सच्या परीक्षेचा रस्ता जुन्या पदवीवरच खुला होऊ शकतो आणि दोन वर्षांची फी वाचते. नकार आला तर अर्ज भरायचाच आहे. मुंबईत १९३६ साली देशातली पहिली सोशल वर्क शिक्षणसंस्था उभी राहिली, तीही क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकी माणसाच्या पुढाकारानं. त्यामुळे दोन्हीकडचे अभ्यासक्रम ओळखीचे वाटतात; केसवर्क, ग्रुपवर्क, फील्डवर्क, सगळं तेच. पण ओळखीचं वाटणं आणि मान्यता असणं यांत कागदांचा गठ्ठा उभा असतो. आपल्या गुणपत्रिकेवर फील्डवर्कचे गुण बहुधा असतात, तास नसतात. इथे तास विचारतात. म्हणून निघण्याआधीच कॉलेजकडून तास, एजन्सीचं नाव, सुपरव्हायझरची पात्रता आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं, सही-शिक्क्याचं पत्र घ्या, असं तुम्ही प्रत्येकाला बजावता. इथे पोचल्यावर तेच पत्र मागवायचं म्हणजे फोन, ईमेल, कुणाच्या तरी भावाला कॉलेजात पाठवणं आणि ‘साहेब रजेवर आहेत’.

बीएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कची पहिली पदवी, झालेल्यांच्या ॲडव्हान्स्ड स्टँडिंगबाबतही तुम्ही असंच स्पष्ट सांगता. साधारण ६० क्रेडिटची, दोन वर्षांची एमएसडब्ल्यू या वाटेनं वर्षभरात होऊ शकते, म्हणून सगळ्यांचे डोळे तिकडे लागतात. पण ती सवलत मान्यताप्राप्त किंवा वरच्या तपासणीत मान्य ठरलेल्या बीएसडब्ल्यूलाच मिळते. समाजशास्त्र किंवा मानसशास्त्रातल्या बीएला नाही, गुण कितीही असोत. शिवाय बीएसडब्ल्यू किती जुनी चालेल, याची मुदत प्रत्येक विद्यापीठ वेगळी ठरवतं. संस्थेत आठ-दहा वर्षं काम केलेल्या माणसाला तर हे फार लागतं की त्या अनुभवाबद्दल एकही क्रेडिट मिळत नाही. यात विद्यापीठाचा कोतेपणा नाही, सीएसडब्ल्यूईचा नियमच तसा आहे. हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगता, म्हणून पुढची रदबदली वाचते. अनुभव प्रवेशाच्या निबंधात आणि चांगली प्रॅक्टिकम एजन्सी मिळवताना वापरा, ही तुमची पुस्ती सोन्यासारखी. आणि पात्र असूनही नव्यानं देशात आलेल्यानं दोन वर्षांचाच मार्ग घ्यावा का, यावर तुम्ही दोन्ही बाजू मांडता. आमचं मत दोन वर्षांकडे झुकतं. इथली इन्शुरन्सची भाषा, कोर्ट, शाळा, बालकल्याण विभाग यांची घडी एका वर्षात अंगवळणी पडत नाही, आणि पहिली नोकरी बहुतेकदा प्रॅक्टिकमच्या ओळखीतूनच येते.

प्रॅक्टिकमच्या तासांचा हिशोब तुम्ही कागदावर मांडून दाखवता, त्याचे आभार वेगळे. एमएसडब्ल्यूला किमान ९०० तास लागतात. पहिल्या वर्षी आठवड्याला १४ आणि दुसऱ्या वर्षी १६, दरवर्षी ३० आठवडे धरले तर ४२० अधिक ४८०, बरोबर ९००. कागदावर छान. प्रत्यक्षात थँक्सगिव्हिंग, स्प्रिंग ब्रेक, आजारपण आणि क्लायंट न आल्यानं रिकामा गेलेला दिवस यांना या हिशोबात जागाच नाही. तुम्ही २८ आठवडेच धरता. १६ तासांनी ४४८, दुसऱ्या वर्षी १८ तासांनी ५०४, म्हणजे ९५२ आणि हाताशी ५२ तास शिल्लक. एप्रिलमध्ये रोज दहा तास एजन्सीत बसून भरपाई करण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांचे कष्ट कमी पडलेले नसतात, सप्टेंबरातला भागाकार चुकलेला असतो.

हे १६ आणि १८ आकडे तुम्ही मुद्दाम २० च्या आत ठेवता, हे बऱ्याच जणांच्या फार उशिरा लक्षात येतं. एफ-१ वर बाहेरच्या एजन्सीत प्रॅक्टिकम करायला सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करण्याची, परवानगी लागते. आठवड्याला २० तासांपर्यंत ती अर्धवेळ धरतात. त्यावर गेली की पूर्णवेळ, आणि पूर्णवेळ सीपीटीचे १२ महिने भरले की त्याच पातळीवरची ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काही काळ नोकरी करण्याची परवानगी, हातची जाते. उन्हाळ्यातला सलग पूर्णवेळ ‘ब्लॉक’ प्रॅक्टिकम म्हणूनच विचार करून घ्यायचा. तीन महिन्यांनी काही बिघडत नाही, पण ते महिने मोजलेले हवेत. सीपीटी विशिष्ट एजन्सी आणि विशिष्ट तारखांपुरती असते. मध्येच एजन्सी बदलली तर नवी परवानगी, आणि ती आय-२० वर येईपर्यंत नव्या ठिकाणी ‘नुसतं बसून बघायलाही’ जायचं नाही. व्हिसाच्या प्रश्नाचं अंतिम उत्तर तुम्ही स्वतः कधीच देत नाही, डीएसओकडे, म्हणजे विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवता. पण नेमका काय प्रश्न विचारायचा, तो चिठ्ठीवर लिहून देता. ‘मला प्रॅक्टिकम करता येईल का?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं. ‘अमुक तारखेपासून आठवड्याला १८ तास, बिनपगारी, या एजन्सीत, सीपीटी अर्धवेळ लागेल ना, आणि कागद किती दिवसांत मिळेल?’ असं विचारलं की काम होतं.

एजन्सीचंही तसंच. तिथे मार्गदर्शन करणाऱ्या व्यक्तीकडे मान्यताप्राप्त एमएसडब्ल्यू आणि पदवीनंतरचा किमान २ वर्षांचा अनुभव लागतो. छोट्या संस्थेत प्रमुख म्हणून समुपदेशक किंवा नर्स असते. कामाला उत्तम, पण ही अट पुरी होत नाही. मग विद्यापीठाला बाहेरचा मार्गदर्शक जोडून द्यावा लागतो. हे ऑक्टोबरात कळण्यापेक्षा मे महिन्यात कळलेलं बरं. फिंगरप्रिंट, टीबीची चाचणी, लसीकरणाचे कागद हेही तेव्हाच उरकून घ्यायचे, नाहीतर पहिले तीन आठवडे तास शून्य.

अर्धवेळ वाट नोकरी करणाऱ्यांसाठी चांगली, तीन-चार वर्षांत पदवी होते. एफ-१ वाल्यांना मात्र ती बंद, कारण त्यांना पूर्णवेळ नोंदणी ठेवावीच लागते. एमएसडब्ल्यूसोबत पब्लिक हेल्थची दुहेरी पदवी साधारण तीन वर्षांची. त्यात काही क्रेडिट दोन्हीकडे धरले जातात, ९०० तासांत मात्र सूट नाही. दुहेरी पदवी ‘सीव्हीवर बरी दिसते’ म्हणून मागणाऱ्याला तुम्ही परत पाठवता, तेही योग्यच.

आणि एक कडू गोष्ट, जी माहितीपत्रकांत सहसा सापडत नाही. सोशल वर्क स्टेमच्या, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांच्या, यादीत नाही. म्हणजे ओपीटी १२ महिने, वरची २४ महिन्यांची मुदतवाढ नाही. न्यूयॉर्कच्या क्लिनिकल तासांना किमान ३ वर्षं लागतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की दिसतं, मधल्या काळाला एच-१बी हा नोकरीचा व्हिसा किंवा दुसरा कुठला तरी आधार लागणार. तुम्ही हे प्रवेशाची फी भरण्याआधी सांगता. काही जण ऐकून बेत बदलतात, तुमच्या विद्यापीठाची एक जागा कमी भरते, तरी सांगता. विद्यापीठाशी संलग्न ना-नफा संस्था आणि हॉस्पिटलं एच-१बीच्या वार्षिक मर्यादेबाहेर असू शकतात, म्हणून दुसऱ्या वर्षाचा प्रॅक्टिकम शक्यतो तिथे शोधा, हा सल्ला त्यालाच जोडून येतो. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, तर पहिल्याच आठवड्यात करा, हेही. कॅलिफोर्नियाला जाणाऱ्यांना तुम्ही आणखी एक तारीख वहीत लिहायला लावता. पदवी मिळाल्यापासून ९० दिवसांत असोसिएट, म्हणजे लायसन्सआधीच्या उमेदवाराच्या, नोंदणीचा अर्ज गेला, तरच मधल्या काळातले तास धरतात, आणि तेही कामाच्या ठिकाणी आधी लाइव्ह स्कॅन (बोटांच्या ठशांची तपासणी) झालेलं असेल तर.

ताई, तक्त्याचा कोरा नमुना आम्ही नव्या मुलांना पाठवू लागलो आहोत, तुमची हरकत नसेल असं गृहीत धरून. सोबत एकच निरोप: विमानाचं तिकीट काढण्याआधी फील्डवर्कच्या तासांचं पत्र आणा.

तुमचे,
एमएसडब्ल्यूचे मराठी विद्यार्थी