आधी सावल्या कमी करा, मग कार्ड बदला

महोदय,

सुट्टी लागल्यापासून लेकाचा एकच धोशा : ‘बाबा, गेम अडकतोय, नवीन ग्राफिक्स कार्ड घ्या.’ ज्या दुकानातून कॉम्प्युटर जुळवून घेतला होता, तिथल्या माणसाने सेटिंग न बघताच पस्तीस हजारांचा आकडा तोंडावर फेकला. मी वागळे इस्टेटमध्ये लेथवर आयुष्य काढलेला माणूस. यंत्र अडलं की आधी खोलून बघायचं. रात्री जेवणं झाल्यावर लेकाशेजारी स्टूल ओढून बसलो.

पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा, आकडा लावला : ३४. आणि गेमचं सगळं सेटिंग ‘अल्ट्रा’वर, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर! सेकंदाला ६० फ्रेम हव्यात तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यात कार्डाने काय काय रंगवायचं? सावल्या ‘मीडियम’वर आणल्या, ४७. रिफ्लेक्शन उतरवलं, ६१. टेक्स्चरला, म्हणजे भिंती-जमिनीवर चढवलेल्या चित्राला, हात लावला नाही. ते कार्डाच्या मेमरीत मावत असेल तर वेगाला फारसं जड जात नाही, आणि कमी केलं की भिंती रंग उडाल्यासारख्या दिसतात. चष्मा पुसून फरक शोधला. एका झाडाखालची सावली जरा भुरकट, एवढंच. लेक म्हणाला, ‘पळताना कोण बघतंय ती?’

आता त्याला फोर-के मॉनिटर हवाय. पिक्सेल फुल एचडीच्या चौपट, म्हणजे कार्डाचा विषय पुन्हा निघणार. आपल्या पुरवणीत नव्या कार्डांची छायाचित्रं हौसेने छापता. एखादा रकाना या सेटिंगच्या पानालाही द्या.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे