पैसे दिले म्हणून पोरं होत नाहीत

संपादक महोदय,
सरकारने पैसे दिले की जन्म वाढतात म्हणणाऱ्यांनी पोलंडचंच बघा ना. 2016 पासून सरकार दुसऱ्या मुलापासून दरमहा 500 झ्लॉटी (तिथलं चलन) देतंय, 2019 ला पहिल्यालाही सुरू केले, 2024 ला 800 केले, तरी 2017 ला चार लाखांवर बाळं जन्मली होती ती 2024 ला अडीच लाखांवर आली! गरिबी कमी झाली, तेवढं क्रेडिट द्यायलाच हवं. पण 1989 नंतर कम्युनिस्ट काळातली पाळणाघरं धडाधड बंद पडली, मग नोकरीवाल्या बाईने तान्हं ठेवायचं कुठे, तर आजीकडे. आणि आजी नातवंडांसाठी मोकळी राहावी तसं बायकांचं रिटायरमेंटचं वयसुद्धा 2017 ला परत 60 वर आणलं. वर 2020 मध्ये कोर्टाने गर्भात गंभीर दोष असला तरी गर्भपाताला मनाई केली, मग बायका निषेधाला रस्त्यावर उतरणार नाहीत तर काय!

- एक वाचक, सांगली