छापखान्यातल्या मंडळींचे आभार

ग्राहकाचं पहिलंवहिलं काम घेऊन ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छापखान्यांत येणाऱ्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांना सांभाळून घेणाऱ्या सगळ्या मंडळींचे मनापासून आभार. फाइल उघडली की तुम्ही आधी बारीक काळा मजकूर तपासता. तो चार रंगांत असला आणि छपाईत एखादा रंग केसभर जरी सरकला, तरी अक्षरांना रंगीत कडा येते. म्हणून तो फक्त काळ्या शाईत, के १०० वर (काळा शंभर टक्के, बाकी रंग शून्य) घ्यायला लावता. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई), फॉन्ट कर्व्हमध्ये (अक्षरांचे आकारांत रूपांतर करून), हे तर आलंच. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जाड कार्डाला आधी क्रीजिंग (घडीच्या जागी दाबून पाडलेली रेघ) नसेल तर घडीवर शाई तडकते, हे छापलेला तुकडा दुमडून दाखवता. आणि ग्राहकाची सही झालेलं प्रूफ (छपाईआधीचा नमुना) हाती आल्याशिवाय छपाईची प्लेट काढत नाही, या तुमच्या हट्टाबद्दल आम्ही शिकवणारे विशेष ऋणी आहोत.