स्टिक गावात, ओटीपी विरारला

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टीव्हीच्या मागे खोचली की इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणाऱ्या, जुना टीव्ही दोन मिनिटांत 'स्मार्ट' करून देणाऱ्या स्टिकवरचा लेख वाचला. लेख चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. मी चिपळुणात एकतीस वर्षे टीव्ही दुरुस्त करतो, आणि अशा स्टिका नि तेच काम करणारे डबे किती घरांत लावून दिले याची मोजदाद ठेवलेली नाही. पण ती 'दोन मिनिटे' वाचून दुकानातला पोरगासुद्धा हसला. लेखकाने स्वतःच्या घरात, स्वतःच्या वायफायवर, स्वतःचा मोबाइल हातात घेऊन स्टिक जोडली असणार. आमच्याकडे तसे नसते. आमच्याकडे स्टिक घेतो मुंबईतला मुलगा, बघायची असते गावातल्या आईने, आणि अडली की बोलावणे येते मला.

आधी गुण सांगतो, नाहीतर मेकॅनिकचा धंदा बसला म्हणून रडतोय असे कोणी म्हणेल.

एलईडी टीव्हीचे पॅनेल आणि त्याच्या पोटातला स्मार्टपणा यांचे आयुष्य सारखे नसते. पॅनेल दहा वर्षे सहज काढते, मधे बॅकलाइटच्या पट्ट्या गेल्या तर बदलता येतात. आतले सॉफ्टवेअर मात्र चार-पाच वर्षांत म्हातारे होते. नेटफ्लिक्सने २०१९च्या डिसेंबरपासून काही जुन्या स्मार्ट टीव्हींवरचे आपले अ‍ॅप बंदच केले. गिऱ्हाईक अशा वेळी नवा टीव्ही घ्यायला निघते. मी सांगतो, थांबा, चित्र चांगले आहे, मागे एचडीएमआयचे भोक आहे, मग चाळीस हजार कशाला घालता? २०१४च्या शेवटी गूगलचे क्रोमकास्ट हे असेच यंत्र आपल्याकडे २,९९९ रुपयांना आले होते, पण त्याला रिमोटच नव्हता, सगळा कारभार मोबाइलवरून. आमच्या भागात ते कोणाला पचले नाही. २०१७च्या एप्रिलात अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक ३,९९९ रुपयांना आली, सोबत रिमोट होता, आणि तिथून हे प्रकरण खऱ्या अर्थाने घराघरांत शिरले. चांगला टीव्ही भंगारात जाण्यापासून वाचवणारी ही वस्तू आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्या माणसाला त्याचे मोल जास्त कळते.

दुसरा गुण शिमग्यात दिसतो. वाडीतली पोरे पालखी नाचताना मोबाइलवरून यूट्यूबला लाइव्ह लावतात. सुटी न मिळालेला चाकरमानी नालासोपाऱ्याच्या खोलीत टीव्हीसमोर बसून सगळे बघतो आणि फोन करून विचारतो, "ह्या वर्षी सहाण रंगवली नाय काय रे?" (सहाण म्हणजे पालखी बसवायची जागा.) डिशवर हे कधी दिसले नसते. शिवाय आमच्याकडे जुलैत सर जोरात कोसळली की डिशचे चित्र चौकटी-चौकटी होऊन थिजते. इंटरनेटची फायबर वायर शाबूत असेल तर स्टिकला त्या पावसाशी देणेघेणे नसते.

आता दोष. त्यातले निम्मे तर दोषच नव्हेत, पण सांगणारा कोणी नसतो.

'स्टिक सारखी बंद पडते' म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी बऱ्याच जणांनी तिची वायर टीव्हीच्या मागच्या यूएसबीत खोचलेली असते. दिसायला सुटसुटीत दिसते. पण टीव्हीच्या साध्या यूएसबीतून अर्धा अँपिअर करंट मिळतो आणि स्टिकच्या अडॅप्टरवर एक अँपिअर लिहिलेले असते. अर्धपोटी गडी जड कामाला लावावा तसे होते: साधा मेनू चालतो, पिक्चर लावला की बसकण मारतो. टीव्ही बंद केला की त्या यूएसबीतला करंटही जातो, मग दर वेळी स्टिक पहिल्यापासून उठणार. अडॅप्टर बोर्डावर लावला की दुखणे संपले. याचे मी पैसे घेत नाही, घेतले तर घरी जाऊन झोप लागत नाही.

आठ जीबीची जागा भरून स्टिक रांगायला लागते, तेव्हा न वापरलेली अ‍ॅप काढून टाकावीत. मॅच थेट बघताना शेजारच्या डिशवाल्याच्या घरातून ओरडा आधी येतो आणि विकेट आपल्याला मागून दिसते, त्याला मात्र माझ्याकडे औषध नाही.

ज्यांच्याकडे फायबर नाही आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर स्टिक चालवायची आहे, त्यांनी आधी गणित करावे. एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत खाते, असे नेटफ्लिक्स स्वतःच सांगते. रोजचे दीड जीबीचे पॅक असेल तर अर्ध्या तासात खेळ खलास. चित्राची प्रत कमी करून ठेवता येते, पण ती सोय सेटिंगमध्ये चार पायऱ्या आत दडलेली असते.

स्वस्त डब्यांबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण आपल्या लेखात ते नव्हते. गेल्या गणपतीत एक गिऱ्हाईक दीड हजारांचा काळा डबा घेऊन आले. वर '८के' (म्हणजे एचडीहून कितीतरी बारीक चित्र) छापलेले, आत शेकडो पिक्चर फुकट. तक्रार अशी, की पैसे भरलेल्या अ‍ॅपवरच चित्र धुरकट दिसते. कारण सोपे आहे. या अ‍ॅपना चोरी टाळण्यासाठी वाइडवाइन नावाचे कुलूप असते. यंत्राकडे त्याचा वरचा, एल-१ म्हणतात तो दाखला नसेल तर बहुतेक मोठी अ‍ॅप पैसे भरूनही एचडी देत नाहीत. डब्यावर आठ के छापा नाहीतर ऐंशी. फुकटच्या पिक्चरांचे म्हणाल तर, अमेरिकेच्या एफबीआयने २०२५च्या जूनमध्ये 'बॅडबॉक्स २.०' या नावाने जाहीर इशारा दिला होता. असे अप्रमाणित डबे काही वेळा कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर घेऊन येतात आणि मग त्या घरचे इंटरनेट भलतेच लोक वापरतात. त्या गिऱ्हाइकाला मी हे सांगितले तर म्हणाले, "आमच्याकडं काय आहे चोरण्यासारखं?" बँकेचा मोबाइल त्याच वायफायवर होता, हे लक्षात आणून दिल्यावर डबा उचलून पिशवीत टाकला. पुन्हा लावला की नाही, देव जाणे.

हे सगळे झाले वस्तूचे. माझी खरी तक्रार वेगळीच आहे, आणि ती मला गुहागर रस्त्याला लागून असलेल्या एका वाडीत नीट कळली.

आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या. मुलगा विरारला. मे महिन्यात आला, स्टिक लावून दिली, 'आता डिशचे पैसे भरू नको' म्हणाला आणि परत गेला. जूनच्या पहिल्या गडगडाटात राऊटर जळला. इंटरनेटवाल्याने नवा बसवला, म्हणजे वायफायचे नावही नवे आणि पासवर्डही. मी गेलो तर पडद्यावर इंग्रजी चौकट. आजी म्हणाल्या, "पोरानं लावून दिलान तेव्हा सगळं दिसत होतं. आता ही पाटी काय हलत नाय."

पासवर्ड राऊटरच्या बुडाला, मुंगीएवढ्या अक्षरात. मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहिला तरी शून्य की इंग्रजी ओ, ते कळेना. पडद्यावरच्या अक्षरांवर बाणाच्या बटणाने सरकत सरकत बारा अक्षरे भरली. चुकली. पुन्हा भरली. वायफाय लागले, तर अ‍ॅप म्हणते, पुन्हा ओळख पटवा, तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. तुमच्या म्हणजे कोणाच्या? मुलाच्या. मुलगा त्या वेळी लोकलमध्ये, अंधेरी सोडून पुढे. फोन लागला तर आवाज नाही, आवाज आला तर ओटीपीची मुदत संपलेली. तिसऱ्या खेपेला त्याने बोरिवलीच्या फलाटावर उतरून आकडे सांगितले आणि मी भरले. सव्वा तास गेला. मधे दोनदा चहा झाला.

चित्र आल्यावर आजींनी रिमोट हातात घेतला आणि तो उलटसुलट करून बघत बसल्या. म्हणाल्या, "ह्याच्यावर आकडे कुठं हायत?"

एकतीस वर्षांत मला हा प्रश्न सुचला नव्हता. स्टिकच्या रिमोटवर आकडेच नसतात. आमची आई-आजी टीव्ही आकड्यांवर ओळखते: बातम्यांचा हा नंबर, मालिकेचा तो, सह्याद्रीचा अमुक. नाव वाचता आले नाही तरी बोट बरोबर पडते. स्टिकवर त्याऐवजी चित्रांची जत्रा, त्यातली निम्मी जाहिरात, आणि आज इथे असलेली चौकट उद्या तिथे. मध्यंतरी दोन मोठ्या अ‍ॅपांचे लग्न होऊन नाव आणि चिन्ह दोन्ही बदलले, तेव्हा आठवडाभर 'आमचं चॅनल चोरीला गेलं' असे फोन मी घेत होतो. बोलून लावा म्हणाल तर आजींनी तेही केले. माइकचे बटण दाबून 'कीर्तन' म्हणाल्या. यंत्राने कार्टून लावले. आजी पाच मिनिटे ते उंदीर-मांजर बघत बसल्या, म्हणाल्या, "हेही बरं हाय," आणि मग मला विचारले, "डिश परत लागंल काय रे बाबा?"

लावून दिली. छत्री छपरावरच होती, वायर तेवढी उंदराने खाल्ली होती. आता टीव्ही चालू केला की डिश दिसते, आणि नातवंडे आली की एक बटण दाबून स्टिक. दोन्ही नांदतात. ज्यांना महिन्याचे पैसे नको असतात त्यांना मी प्रसार भारतीची फ्री डिश सुचवतो, एकदाच छत्री आणि डब्याचा खर्च, पुढे काही नाही. २२ जुलै २०२१च्या पुरात माझे दुकान पाण्याखाली होते. वीज आल्यावर आमच्या आळीत आधी बातम्या दिसल्या त्या माडीवर टीव्ही आणि छपरावर छत्री असलेल्या एका घरात. आम्ही पंधरा-वीस जण चिखलाच्या पायांनी तिथे उभे होतो. खांबावरचे फायबर जोडायला माणसे आली ती त्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

म्हणून मुंबईकर मुलांना सांगणे आहे: स्टिक जरूर आणा, पण डिश काढू नका. ओटीपीसाठी नंबर घालताना आईचा किंवा निदान गावात राहणाऱ्या कोणाचा घाला. आईकडे साधा बटणाचा फोन असला तरी चालतो, एसएमएस त्यावरही येतो. वायफायचा पासवर्ड मोठ्या अक्षरात भिंतीवर चिकटवा. राऊटर बदलला तर वायफायचे नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवायला इंटरनेटवाल्याला सांगा, त्याला पाच मिनिटे लागतात आणि स्टिकला काही कळतही नाही. मी हे करायला लागल्यापासून माझ्या फेऱ्या निम्म्यावर आल्या आहेत. धंद्याच्या हिशेबाने हा मूर्खपणाच.

आणि कंपन्यांना सांगणारे कोणी असेल तर त्यांना सांगा. महाराष्ट्रात एवढा माल खपतो, मी उघडलेल्या एकाही खोक्यात मराठीतला कागद सापडला नाही. वॉशिंग मशीनवाले देतात, मिक्सरवाले देतात, तुम्हाला काय जड होते? आणखी एक. ही यंत्रे किती वर्षे चालतील ते खोक्यावर छापा. २०२५च्या मार्चमध्ये दुसऱ्या पिढीची जुनी क्रोमकास्ट जगभर एकाच वेळी अडली होती. वस्तू धडधाकट, पण यंत्राची ओळख पटवणाऱ्या आतल्या डिजिटल सर्टिफिकेटची दहा वर्षांची मुदत संपली. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, हे खरे. पण अशी तारीख आत लिहिलेली आहे, हे घेताना कोणाला ठाऊक होते? औषधाच्या बाटलीवर असते तशी ती बाहेर छापायला हवी.

मी स्वतः एक कागद तयार केला आहे. वहीचे अर्धे पान, पाच ओळी, शेजारी रिमोटचे चित्र, घराचे बटण लाल पेनाने रंगवलेले. झेरॉक्स काढून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या टीव्हीमागे चिकटवतो. पुढच्या पुरवणीत जागा असेल तर पाठवतो, चित्र मात्र तुमच्या चित्रकाराकडून नीट काढून घ्या.

आपला,
एक टीव्ही मेकॅनिक, चिपळूण

ता. क. – खोक्यात बोटभर लांबीचा एचडीएमआयचा एक तुकडा निघतो. लोक तो जास्तीचा समजून टाकून देतात. स्टिक त्याला लावून टीव्हीच्या पाठीपासून जरा बाहेर काढली की वायफाय बरे पकडते. माझ्याकडे असे टाकलेले तुकडे डबाभर जमले आहेत, ज्याला हवा असेल त्याने दुकानातून घेऊन जावा.